बेकरीवरून न गेलेला फोन

बसा इथंच. लाइट यायला वेळ लागेल, आणि लाइट आल्याशिवाय तुमचं टेलिफोन एक्सचेंज काही बोलणार नाही. जोमार, तो टॉर्च बंद कर. रेक्स, किटलीत कॉफी उरली असेल तर ओत सगळ्यांना.

मघाशी हसलात तुम्ही दोघं मला. या ऑफिसात सगळीकडे चित्राचे फोन लावले, आणि म्हातारा म्हणतो काय, तर चित्र आपोआप सुरू होऊ देऊ नका. आधी आवाज लागू दे, मग विचारून चित्र. "मानोंग, हल्ली सगळं आपोआप होतं," असं रेक्स म्हणाला. होत असेल बाबा. पण ही सवय मला एका बाईनं लावली. तिच्याबाबतीत जे घडलं ते सांगतो. मी तिथं नव्हतो. पण तिला मी तरुणपणापासून ओळखतो, आणि ती उगाच काही बोलणारी बाई नव्हे.

जारो भागातल्या चर्चकडून बाजाराकडे वळलात की डाव्या हाताला एक मयतघर आहे. तीन खोल्यांचं. पुरेपर्यंत मयत तिथंच असतं, घरची माणसं रात्री जागवतात. नाव सांगत नाही, मालक अजून ओळखीचे आहेत. त्यांनी मला बोलावलं ते साध्या कामाला. प्रत्येक खोलीत शवपेटीशेजारी एक फोन हवा होता, मोठ्या पडद्याचा. आपल्याकडची अर्धी माणसं परदेशात. बाप गेला तर मुलगा जहाजावर असतो. आई गेली तर मुलगी तिकडं दुसऱ्याच्या आईला भरवत असते. मोबाइल सगळ्यांकडे आहेत, पण मयतापाशी रात्रभर मोबाइल धरून कोण उभं राहणार? हात भरून येतो, चार्जिंग संपतं, आणि बिचारी परदेशातली पोरगी तासभर छताचा पंखा बघत बसते. म्हणून मालक म्हणाले, कुठूनही फोन आला तरी तो पुढच्या टेबलावर यावा आणि तिथून खोलीत जावा.

त्या पुढच्या टेबलावर बसायची मानांग फेली. फेलिसा नाव, पण सगळ्यांची थोरली बहीण म्हणून मानांग. केस घट्ट बांधलेले, कानात हेडफोन, समोर बिस्किटांचा डबा. लग्न केलं नाही. आख्ख्या जारोतल्या मेलेल्यांची नावं तिला पाठ.

तुम्हाला माहीतच आहे, आवाज लागला म्हणजे चित्र लागलं असं नसतं. चित्राची वेगळी विनंती जाते. पलीकडच्यानं 'हो' दाबायचं, मग चित्र. आणि कॉल एका फोनवरून दुसऱ्यावर टाकला की आवाज टिकतो, चित्र गळून पडतं. पुन्हा विचारावं लागतं. मी तिला म्हटलं, "मानांग, एवढी दाबादाबी कशाला? आपोआप करून देतो."

ती म्हणाली, "तू देशील रे करून. आणि कुणाची तरी पोरगी तिकडून फोन लावेल, आणि तोंडातून हॅलो निघायच्या आत तिच्यासमोर बापाची पेटी येईल. तू जाणार आहेस धरायला?"



मग तिनं सांगितलं तसंच बसवलं. खोलीतून असो नाहीतर बाहेरून, चित्राची प्रत्येक विनंती आधी तिच्या टेबलावर यायची. ती आधी बोलून घ्यायची. बसली आहेस का? जवळ कुणी आहे का? पाणी घे घोटभर. आता दाखवू? आणि मगच 'हो' दाबायची. मी कितीतरी वेळा ऐकलंय ते. देवळात बोलावं तसा आवाज असायचा तिचा.

दुसरं काम मात्र विचित्र होतं. म्हणाली, "रस्त्यापलीकडे दोमिंगच्या बेकरीत एक फोन दे. आपल्याच एक्सचेंजवरचा."

"बेकरीत कशाला?"

"पगपगला."

हसू नकोस जोमार. तुझी आई तुला मयतावरून थेट घरात घेते का? नाही ना? वाटेत कुठंतरी थांबायचं, काहीतरी खायचं, म्हणजे मेलेल्याचा जीव मागं लागला असेल तर तो तिथंच रेंगाळतो, घराचा उंबरा चढत नाही. जारोतले लोक त्या मयतघरातून निघतात ते दोमिंगकडे कॉफी-पाव खाऊन घरी जातात. त्याची बेकरी अर्धी त्यावरच चालते. मानांग फेलीचं म्हणणं एवढंच, की इथं येणाऱ्यांना बेकरी आहे, पण जे फोनवरून येतात त्यांचं काय? रडून झालं, फोन ठेवला, की तो गेलेला जीव त्याच तारेनं सरळ त्यांच्या घरात. म्हणून ती खोलीतला कॉल कधी तिथून तोडायचीच नाही. आधी बेकरीवर टाकायची. तिकडून दोमिंग ओरडायचा, "पाव गरम आहे, कोण बोलतंय?" परदेशातलं माणूस रडता रडता हसायचं. मग ती कॉल बंद करायची.

दोमिंग मला म्हणायचा, "तेम्योंग, तुझ्या फोनमुळे मेलेली माणसं पावाचा भाव विचारतात, घेत मात्र काही नाहीत."

अशी वर्षं गेली. एकही कॉल बेकरी चुकवून गेला नाही.

आता त्या रात्रीचं.

ऑगस्टचा दुसरा शनिवार. डेंग्यूचे दिवस. तीन नंबरच्या खोलीत सहा वर्षांचा मुलगा होता. बुबोय. रविवारी दुपारी पुरायचा होता. त्याच्यामागं होती आजी, लोला पासिंग, आणि आई, अर्लीन. अर्लीन हाँगकाँगला कुणाच्या तरी घरी कामाला. पोरगा दोन वर्षांचा असताना गेली ती गेलीच. नुकतीच तिनं मालकीण बदललेली, कागद सरकारी कचेरीत अडकलेले. तिथून बाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेणार नाहीत, आणि तिच्या पैशांवर आजीची औषधं चालायची. त्यामुळे ती आली नाही. रोज रात्री मालकांचं घर झोपलं की ती स्वयंपाकघरात फरशीवर बसायची, धुण्याच्या मशीनला टेकून, आणि फोन लावायची. रोज मानांग फेली तिला विचारायची, "बसली आहेस ना?" रोज चित्र लावायची. आणि रोज कॉल बेकरीवरून पाठवायची.

शनिवारी फोन लागला तेव्हा अर्लीननं चित्र मागितलं नाही.

"मानांग, आज शेवटची रात्र ना?"

"हो, इंदाय. हो पोरी."

"एक मागू?"

"माग की."

"आज बेकरीवर टाकू नका. तिथूनच तोडा. खोलीतूनच."

मानांग फेलीच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं.

"काय बोलतेस ते कळतंय का तुला?"

"कळतंय."

"अगं, तो तिकडं कुठं जाईल? तिकडं काय तुझं घर आहे? परक्याचं स्वयंपाकघर ते. त्याची माती इथं, आजी इथं. एकदा कुणाच्या मागं गेले की त्यांना परतीची वाट सापडत नाही. मोठ्यांना सापडत नाही, हे तर लेकरू."

"चार वर्षं मी त्याला सांगतेय, येते. नाताळला येते. पुढच्या नाताळला येते." अर्लीन रडत नव्हती. रडणं संपलेल्या माणसासारखी बोलत होती. "मला नाही जमलं, मानांग. आता त्याला यायला तिकीट लागत नाही. येऊ द्या ना."

"मी नाही असलं करायची."



"बरं," अर्लीन म्हणाली. "मग तोडूच नका. नुसता चालू ठेवा. उजाडेपर्यंत."

एवढं मानांग फेलीनं कबूल केलं. त्यात काय वाईट? तिनं खोलीत जोडून दिला, चित्र लावलं, आणि आपल्या हेडफोनचा आवाज कमी केला. आई लेकराशी बोलते ते ऐकू नये. पण लाइन पडू नये म्हणून कानावरून काढताही येईना. त्यामुळे तुटक तुटक कानावर पडत होतंच. आज भाजी काय केली. मालकिणीच्या बाळाला दात आला. खिडकीतून समुद्र दिसतो, पण आपल्यासारखा नाही.

अंगणात मांडवाखाली शेजारीपाजारी पत्ते खेळत होते. हळूहळू तेही पेंगले. लोला पासिंग आत पेटीजवळच्या खुर्चीत झोपून गेली.

पावणेतीनला लाइट गेले.

जनरेटर लगेच लागला. एक्सचेंजला बॅटरी होती, कॉल पडला नाही. फक्त चित्र गेलं.

"मानांग, दिसत नाही."

"लाइट गेलेत गं. थांब, आत जाऊन लावते."

ती खुर्चीतून उठली. आणि टेबलावरच्या फोनचा एक दिवा लागला.

तीन नंबर. चित्राची विनंती.

तिला वाटलं, लोला उठली असेल. तिच्या टेबलावरून काचेच्या दारातून आतलं दिसायचं. लोला झोपलेली. मान छातीवर. जपमाळ हातातून खाली पडलेली. फोनपाशी कुणी नव्हतं. मेणबत्त्या सरळ जळत होत्या.

लाइट गेल्यानं काहीतरी बिघडलं असेल, असं म्हणून तिनं 'नको' दाबलं.

दिवा विझला.

परत लागला.

परत 'नको'.

परत लागला.

तुम्ही दोघं याच धंद्यात आहात म्हणून सांगतो. तो फोन मी नंतर पूर्ण उघडून पाहिला. लाइटचा झटका बसून चित्र गेलं तर तो मुकाट पडून राहतो, आपण होऊन काही मागत नाही. त्याला बटण लागतं. आणि बटणावर बोट लागतं.

"मानांग," अर्लीन कुजबुजली. "आत कोण आहे?"

"कुणी नाही. लोला झोपलीय."

"मला बटणाचा आवाज येतोय."

मानांग फेलीनं हेडफोनचा आवाज वाढवला. टक्... टक्... टक् टक्. हलकं. घाईघाईचं.

"तो असंच करायचा," अर्लीन म्हणाली. "मी दिसेनाशी झाले की दाबत सुटायचा. लोला रागवायची, फोन मोडशील म्हणून. तरी दाबायचा."

टक् टक्.

"मानांग... त्याला मी दिसत नाहीये."

आतापर्यंत किती जणांना विचारून, धीर देऊन तिनं 'हो' दाबलं असेल. आज तिला कुणी विचारायचं? पाणी घे म्हणून कुणी सांगायचं? ती मला म्हणाली, "तेम्योंग, मला भीती वाटली नाही असं नाही. पण आत पोर दार वाजवतंय आणि मी बाहेरून कडी धरून उभी आहे, असं मला वाटायला लागलं."

तिनं 'हो' दाबलं.

तिच्या छोट्या पडद्यावर दोन चौकटी यायच्या. एकीत खोली. पेटी, मेणबत्त्या, लोला. जशीच्या तशी.

दुसरीत अर्लीन.

रोज अर्लीन बघायची ती पडद्याच्या मधोमध, पेटी दिसायची तिथं. आज ती तिथं बघत नव्हती. खाली बघत होती. अगदी जवळ. कुणी पडद्याला नाक लावलं तर बघावं तशी.

तिचा चेहरा... मानांग फेली हे सांगताना थांबली होती. मीही विचारलं नाही.

"आलास?" अर्लीन म्हणाली.

मग गप्प.

"हो... हो रे."

गप्प.

"किती उंच झालास."

मग तिनं फोन खाली ठेवला असावा. पडद्यावर मशीनचा एक कोपरा आणि तिचा गुडघा तेवढा दिसत होता. हात दिसला. त्या हातानं कपड्यांची बादली बाजूला सरकवली. फरशीवर जागा केली.

"हळू," आवाज आला. "ते झोपलेत."

आणि कॉल तुटला. तिकडूनच. सरळ.

टेबलावरचे सगळे दिवे विझले. मानांग फेली परत खुर्चीत बसली. बेकरीचं बटण तिच्या करंगळीपाशी होतं. आता दाबून उपयोग नव्हता.

पहाटे लोला पासिंगला जाग आली. ती बाहेर आली, टेबलाला धरून उभी राहिली. म्हातारीनं पहिला प्रश्न हाच विचारला.

"इंदाय, कॉल बेकरीवरून गेला ना?"

"गेला, लोला."

"बरं झालं. नाहीतर माझं पोर भटकत राहिलं असतं."

दुपारी पुरलं त्याला.

महिन्याभरात मानांग फेलीनं नोकरी सोडली. मालकांना म्हणाली, कान दुखतात. त्या फोनची मला पाहणी करायला लावली तीही तेव्हाच, आणि तेव्हाच हे सगळं सांगितलं. मी तिला म्हटलं, चित्र गेलं, आईचं मन थकलं, भास झाला असेल. ती म्हणाली, "तुझं यंत्र तू पाहिलंस ना? मग?"



अर्लीनचे कागद त्या नाताळाच्या आतच झाले. सुट्टी मिळाली. ती आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. लोला पासिंग एक नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या सणाला, थडग्याला चुना लावायची, मेणबत्ती लावायची, केळीच्या पानातला चिकट भात ठेवायची त्याच्यासाठी. आणि मानांग फेलीला म्हणायची, "सगळं असून माझी पोरगी का येत नाही गं? नातू गेला, तर मुलगीही गेल्यासारखीच." मानांग फेली शेजारी बसून गवत उपटायची. कुणाच्या थडग्यावरचं उपटतेय, आत कुणी आहे का, हे तिलाच माहीत नव्हतं.

या जानेवारीत लोला अंथरुणाला खिळली, तेव्हा कुठं अर्लीन आली. चार दिवसांसाठी. मानांग फेली भेटायला गेली. घर भरलेलं, शेजारणी, कोंबडीचा रस्सा, सगळं होतं. लोला लेकीचा हात सोडत नव्हती. "राहा आता. मी काही फार दिवसांची नाही. मला पोहोचवून जा." अर्लीन मान हलवायची आणि खिडकीबाहेर बघायची.

मानांग फेलीनं तिला मागच्या दारी गाठलं.

"राहा की गं. आई आहे ती."

"नाही राहता येत, मानांग."

"मग त्याला..." मानांग फेलीनं मागचं दार ओढून घेतलं. "त्याला आणायचंस सोबत."

अर्लीननं हातातला पेला खळबळला.

"तो झोपला होता," ती म्हणाली. "उठवलं असतं तर निघवलं नसतं माझ्यानं. तो झोपेत असतानाच निघाले. पहिल्यांदा गेले होते तशीच."

मग म्हणाली, "जाग आली असेल आता."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. जाताना मानांग फेलीच्या घरावरून गेली, आणि दारातच एक पिशवी तिच्या हातात देऊन गेली. लोला पासिंग त्यानंतर आठवडाभरात वारली. तीन नंबरच्याच खोलीत होती. हाँगकाँगहून फोन आला. टेबलावर आता दुसरी मुलगी असते. तिनं रीतीप्रमाणे तो बेकरीवरून पाठवला.

पिशवीत काय होतं ते मी पाहिलंय. गेल्या रविवारीच मानांग फेलीनं काढून दाखवलं. मुलाच्या रबरी चपलांचा जोड. निळा. तिकडच्या बाजारातला.

आपल्याकडे गेलेल्याच्या पायात काही घालत नाहीत. घरात पावलं वाजू नयेत म्हणून. मानांग फेलीनं तिला दारातच विचारलं होतं, हे कशाला घेतलंस?

"वाजावीत म्हणून," अर्लीन म्हणाली. "आता लहान होतात त्याला."

मी त्या उलट्या करून पाहिल्या. टाचा झिजून पातळ झाल्या होत्या, उजवी जास्त. सुलट्या केल्या. अंगठ्याच्या जागी रबर दबून खळगा पडला होता. मी त्यात माझ्या हाताचा अंगठा ठेवून पाहिला.

मावला नाही.